घरातलं वेगळं पातेलं

आमच्या स्वयंपाकघरात एक छोटं पातेलं आहे. स्टीलचं, काठाला थोडं चेमटलेलं, जेमतेम तीन वाट्या मावतील एवढं. ते माझं. घरात गोश्त शिजत असो की नुसती आमटी, तिखट-मसाला पडायच्या आधी त्यातलं थोडं या पातेल्यात काढलं जातं. मग त्यात जिरं, हळद, मीठ, चिमूटभर धणेपूड. बस्स. 2017 सालापासून हे पातेलं जवळजवळ रोज गॅसवर चढतं. नवीन पाहुणे विचारतात, "ये किसका है?" बायको काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवते.

मला जठराची जुनाट सूज आहे. डॉक्टर त्याला क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. आमच्या कृष्णाकाठच्या गावात या आजाराला वेगळं नाव नाही. पोटाच्या वरच्या भागात जे काही दुखतं, जळतं, मळमळतं ते सगळं 'पित्त' नाहीतर 'ॲसिडिटी'. आणि ॲसिडिटी हा काही आजार नव्हे, ती तर सगळ्यांनाच असते. या एका समजुतीवर मी सात-आठ वर्षं काढली.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. शाळा गावापासून बारा किलोमीटर. रोज मोटारसायकल, रस्ता कसा ते सांगायला नको. कंबर धरायला लागली तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळी आणली, डायक्लोफिनॅकची. एका गोळीत माणूस सरळ उभा राहतो, त्यामुळे तिची सवय कधी लागली ते कळलंच नाही. सकाळी फजरनंतर रिकाम्या पोटी कडक चहा, शाळेत पोचल्यावर दुसरा, मधल्या सुट्टीत तिसरा आणि सोबत एखादा वडापाव. जेवण दुपारी अडीचला. तेव्हा भूक मेलेली असायची आणि छातीच्या खाली, बरोबर मध्यभागी, आगीची ठिणगी पडल्यासारखं वाटायचं. थंड दूध प्यायलो की बरं वाटायचं, पण तासाभरात पुन्हा तेच. मी म्हणायचो, पित्त झालंय.

2017 चा रमजान मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला. त्या दिवसांत आमच्या भागात रोजा साडेचौदा तासांच्या आसपास असतो. इफ्तारला आम्ही सगळे जे करतो तेच मी करत होतो: दोन खजूर, बर्फ घातलेलं सरबत, मग कांदाभजी, समोसे, तळलेलं काहीबाही. तरावीहच्या वीस रकातींनी कंबर मोडायची म्हणून नमाजहून आल्यावर एक गोळी. सहरीला दुसरी, म्हणजे दिवस नीट जावा. पोट दिवसभर रिकामं आणि त्यात ही औषधं.

सतराव्या की अठराव्या रोज्याला शौचाला काळं झालं. काळं म्हणजे डांबरासारखं, चिकट. मी स्वतःची समजूत घातली की खजूर काळे होते म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी कुणाला सांगितलं नाही. त्याचं कारण आज लिहितो, कारण हा लेख त्यासाठीच आहे. मला भीती रक्ताची नव्हती. सांगितलं तर रोजा सोडायला लावतील, ही भीती होती. शेवटचे दहा दिवस तोंडावर आले होते. अशा वेळी घरात बसून जेवायचं? लोक काय म्हणतील?

शाळा नुकतीच उघडली होती. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अक्षरं पुसट झाली आणि मी खाली बसलो. पोरांनी धावाधाव केली. हेडमास्तर पाण्याचा ग्लास घेऊन आले. मी म्हणालो, "सर, रोजा आहे." ते बिचारे ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले. पाजावं तर पाप, न पाजावं तर माणूस जातोय! शेवटी त्यांनी मला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या गावी नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शौचाला काळं होतंय का?" मी 'नाही' म्हणालो. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, खोटं बोलायची ही जागा नव्हे." हिमोग्लोबिन साडेसातच्याही खाली गेलं होतं. तो रोजा तिथंच सुटला. दोन बाटल्या रक्त चढलं.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. घशात फवारा मारून बधिर करतात आणि करंगळीएवढी नळी आत सोडतात. पडद्यावर मी माझं जठर पाहिलं. लालभडक, जागोजागी खरचटल्यासारखं. तपासणीसाठी अस्तराचे बारीक तुकडे काढून घेतले. बाईंनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. जठरातलं आम्ल इतकं तीव्र की खाल्लेलं मांसही पचवतं, मग ते स्वतः जठराला का पचवत नाही? तर आतून चिकट द्रवाचा एक थर असतो, तो अस्तराला जपतो. हा थर टिकवणारं जे द्रव्य शरीर तयार करतं, तेच या वेदनाशामक गोळ्या बंद करतात. मी म्हणालो, "पण मी कधी कधी इंजेक्शन घ्यायचो, ते तर पोटात जात नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "रक्तातून सगळीकडे जातं. गोळी, इंजेक्शन, काहीही घ्या, जठराचं नुकसान व्हायचं ते होतंच."

दुसरा गुन्हेगार सापडला तो जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पूर्वी वैद्यकशास्त्रही म्हणायचं की पोटातल्या जखमा चिंतेने आणि तिखटाने होतात, एवढ्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी हे खोटं ठरवलं. कुणी ऐकेना तेव्हा मार्शल यांनी 1984 मध्ये या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांना तो कधीच त्रास देत नाही. माझ्या पोटात मात्र त्याला गोळ्यांची साथ मिळाली.

चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंडाला सतत तांब्याचा कडू स्वाद. ते संपल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासणी केली, जंतू गेला होता. मला वाटलं, सुटलो. पण बाई म्हणाल्या, जंतू गेला तरी वर्षानुवर्षांची सूज एका दिवसात जात नाही. काही ठिकाणी अस्तर पातळ झालंय, ते तसंच राहील. बी-12 जीवनसत्त्वही कमी निघालं. मी चक्रावलो. आठवड्यातून दोनदा गोश्त खाणाऱ्या माणसाला बी-12 कमी? त्या म्हणाल्या, खाल्लं म्हणजे अंगी लागलं असं नाही. अन्नातलं बी-12 मोकळं करायला आम्ल लागतं आणि ते शोषून घ्यायला जठराच्या अस्तरातून येणारा एक पदार्थ लागतो. अस्तरच दुबळं झालं तर थाळीतलं मटण काय करणार? तेव्हापासून इंजेक्शन घेतो.

मग खरा प्रश्न आला: खायचं काय?

आपल्याकडे या प्रश्नाला उत्तरांची कमतरता नाही. शेजारी म्हणाले वांगं बंद, मामू म्हणाले भात बंद, शाळेतल्या बाई म्हणाल्या रोज ताक प्या, एक जण म्हणाला ताक विषासमान. सगळ्यांचं ऐकलं असतं तर फक्त पाणी उरलं असतं. डॉक्टरीणबाईंनी यादी दिलीच नाही. म्हणाल्या, "दोनशे पानी वही घ्या. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि किती वेळाने दुखलं, एवढं लिहा. तीन महिन्यांनी तुम्हीच मला शिकवाल."

मास्तरला वहीचं काम आवडतं. मी लिहीत गेलो आणि हळूहळू वहीने माझ्या बऱ्याच समजुती मोडल्या.

पहिली गोष्ट कळली ती ही की, 'काय' खातो यापेक्षा 'केव्हा' आणि 'किती' हे मोठं आहे. चार तासांहून जास्त पोट रिकामं राहिलं की दुखणं ठरलेलं. दोन भाकरी एका बैठकीत खाल्ल्या की जड, त्याच एकेक करून दोन वेळा खाल्ल्या की काही नाही. म्हणून आता डब्यात दोन कप्पे असतात. अकराच्या तासाआधी एक उकडलेलं अंडं किंवा मूठभर साळीच्या लाह्या, दीडला मुगाचं वरण आणि मऊ भात किंवा भाकरी. रात्रीचं जेवण आठच्या आत, म्हणजे आडवं व्हायच्या आधी दोन-अडीच तास मिळतात.

चहाबाबत वही स्पष्ट होती. रिकाम्या पोटी चहा घेतलेल्या दिवशी दहापैकी आठ वेळा दुखलं होतं. चहा सोडणं मला जमलं नाही, खोटं कशाला सांगू? पण आता आधी गोळी, अर्ध्या तासाने नाश्ता आणि त्याच्यानंतर अर्धा कप फिका चहा. ती गोळीही नाश्त्याच्या अर्धा तास आधीच घ्यावी लागते. जेवणानंतर घेतली तर तिचा नीट उपयोग होत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तिखटाने आजार होत नाही, पण आधीच सोललेल्या जागी तिखट पडलं की झोंबणारच. तिखटाइतकाच त्रास मला तेलाने दिला. तर्री, भजी, समोसा पोटात तासन्‌तास बसून राहतात. आंबट तिसरं. चिंच, टोमॅटो, आंबलेलं ताक. ताजं, गोडसर ताक मात्र चालतं. वांग्याला सगळे नावं ठेवतात, त्याने मला कधीच छळलं नाही. उलट ज्या हरभऱ्याच्या डाळीला मी गरीब समजत होतो तिने दर वेळी रात्र जागवली. म्हणजे डाळ आणि चिंच दोन्ही असलेला आमचा दालचा दोन्हीकडून बाद! हे वहीत लिहिताना हात थोडा थांबला होता.

चालतं ते असं: दुधी, दोडका, पडवळ, भोपळा, बटाटा, मूग, केळं, पपई, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, दुधी घालून शिजवलेलं गोश्त आणि यखनी. ही माझी वही आहे. तुमचं पोट वेगळं, तुमची वही तुम्हीच लिहा.

पथ्य पाळणं यात अवघड नाही. अवघड आहे 'नको' म्हणणं.

अम्मी 2015 मध्ये गेली. तिच्यानंतर तिच्या हाताची बिर्याणी उरली ती फक्त आपाकडे. आपा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, दहा कोसांवर तिचं घर. आजारानंतर मी तिच्याकडे जायचं टाळू लागलो. पथ्याचं सांगायचं तर ती म्हणणार, एवढंसं खाल्ल्याने काय होतंय. खाल्लं तर रात्री तळमळायचं. नाही खाल्लं तर तिचा चेहरा पडणार. त्यापेक्षा शाळेचं काम, परीक्षा, पाऊस, काहीतरी कारण सांगणं सोपं. असं वर्ष गेलं. एक दिवस तिचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "अम्मी गयी तबसे तू मेरे घरकू आताच नई. मैं क्या करी रे?"

मला काही बोलता आलं नाही. काळं शौच लपवणारा माणूस आता बहिणीपासून एक पातेलं लपवत होता.

त्याच सुमारास मित्राच्या घरची कंदुरी आली. आमच्याकडे पिराला नवस बोलणारी घरं मराठ्यांचीही असतात आणि कंदुरीचं बकरं मुलाणी कापतो. त्या जेवणाला पंगतीत हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी बसतात. आदल्या वर्षी मी भिडेखातर तांबडा रस्सा ओरपला होता आणि पहाटेपर्यंत उशी पोटाशी धरून बसलो होतो. या वेळी मित्राच्या आईला गाठून हळूच म्हणालो, "काकू, मला जठराचा आजार आहे. तिखट चालत नाही. नुसती भाकरी द्या, पण पंगतीतून उठवू नका."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, मग आधी बोलायचं नाही का? अळणी आहे की!"

अळणी म्हणजे मसाला घालायच्या आधी बाजूला काढलेलं, हळद-मिठावर शिजलेल्या मटणाचं पाणी आणि चार फोडी. लहान पोरं, बाळंतीण आणि आजारी माणूस यांच्यासाठी ते आमच्या भागातल्या प्रत्येक मटणाच्या स्वयंपाकात आधी काढून ठेवतात. काकूंनी वाटीभर अळणी समोर ठेवलं. मी एक घोट घेतला आणि थांबलो. ही तर यखनी! अम्मी आम्हाला ताप आला की हीच द्यायची. नाव वेगळं, पातेलं तेच.

तेव्हा मला कळलं की माझ्यासाठी कुणाला काही नवीन करायचंच नव्हतं. आजाऱ्याची जागा आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेली आहे. ती मागायला मी लाजत होतो, इतकंच.

रोज्याचंही तेच. 2018 च्या रमजानला डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. मी मशिदीतल्या इमामसाहेबांकडे गेलो, मनात अशी आशा धरून की ते म्हणतील, धरा, अल्लाह ताकद देईल. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, ज्या आयतींमध्ये रोजा फर्ज झालाय, त्याच आयतींमध्ये आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत दिलीय. देणाऱ्याने दिलेली सवलत नाकारणारे तुम्ही कोण? बरे झालात की मोजून पुरे करा. बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया आहे.

तरी पहिल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून जेवलो. मुलगी नऊ वर्षांची, तिचा तो आयुष्यातला पहिला रोजा. ती दारात येऊन उभी राहिली. "अब्बा, आपका रोजा नई?" मी वळलो, तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, काळ्या शौचापासून. ती ऐकून म्हणाली, "मग पाठ का केलीत?" त्या दिवसापासून पाठ केली नाही.

राहिलेले रोजे मी 2019 च्या डिसेंबरपासून धरायला लागलो. थंडीत दिवस जवळपास दोन तासांनी लहान असतो. आधी एक धरला, चार दिवस थांबून पाहिलं, मग दुसरा. आता रमजानही थंडीकडे सरकलाय. बाईंच्या संमतीने दिवसाआड धरतो. पोट आधीच कुरकुरत असेल त्या दिवशी धरत नाही. सहरीला अर्धा तास आधी उठून गोळी, मग दूध-भाकरी आणि केळं. इफ्तारला खजूर आणि साधं कोमट पाणी, मग मगरिबची नमाज, त्यानंतर यखनी आणि मऊ भात. भज्यांची थाळी माझ्यासमोरून पुढे जाते. कंबरेसाठी व्यायाम करतो, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. तरावीह खुर्चीवर बसून पढतो. काही रोजे अजून शिल्लक आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचा हिशेब आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आज माझ्यासारखं गप्प बसलं असेल, तर त्याला एवढंच सांगतो. डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, विनाकारण उतरणारं वजन, घास अडकणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते कशाने झालंय हे आपण ठरवू नये. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. आणि रमजान असेल तर आधी जा. रोजा पुरा करायला नंतरही दिवस आहेत.

आपाला मी त्या कंदुरीनंतरच्या रविवारी जाऊन सगळं सांगितलं. तिने आधी मला झापलं, मग रडली, मग विचारलं, "जिरा चलता ना?"

मागच्या ईदला तिच्याकडे गेलो तेव्हा बिर्याणीच्या देगच्याशेजारी ओट्यावर एक छोटं पातेलं होतं. झाकण उघडलं तर आत बिनमसाल्याचं गोश्त आणि भात. वर एका अख्ख्या हिरव्या मिरचीचा वास. मी तिच्याकडे पाहिलं. ती घाईघाईने म्हणाली, "सिर्फ बास के वास्ते डाली थी, निकाल दी ना!"

शिरखुर्मा अर्धी वाटी घेतला. रात्री घरी येऊन वहीत लिहिलं: आपाकडे. भात-गोश्त एक वाटी, दुपारी दीड. त्रास नाही.